चेटकिणीचा आरोप, वसाहतकालीन वऱ्हाडातील

चेटकिणीचा आरोप : एखाद्या व्यक्तीने, विशेषतः स्त्रीने, गुप्त विद्येच्या किंवा वश केलेल्या पिशाचाच्या साहाय्याने दुसऱ्याचे शरीर, संतती, गुरेढोरे अथवा पीक यांस अपाय केला, असे कुटुंबाने, जातीने वा गावाने ठरविणे, यास चेटकिणीचा आरोप म्हणतात. चेटूक ही श्रद्धा आणि चेटकिणीचा आरोप ही सामाजिक कृती, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चेटकावर विश्वास असणाऱ्या समाजात प्रत्येक आजारपणाचे खापर कोणा माणसावर फुटतेच असे नाही. देवीचा कोप, पितरांची नाराजी, नजर लागणे किंवा दैव अशी अन्य कारणेही उपलब्ध असतात. यांपैकी चेटकाचेच कारण निवडले जाते व त्यासाठी एका विशिष्ट व्यक्तीचे नाव घेतले जाते, तेव्हा आरोप घडतो. प्रस्तुत नोंदीत वऱ्हाड प्रांतातील, मुख्यतः आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील, ब्रिटिश अंमलाच्या काळातील (१८५३–१९४७) या आरोपाचे स्वरूप, त्याविषयीचा कायदा आणि त्याचे आरोपित स्त्रीच्या वंशजांवर झालेले परिणाम यांचा विचार केला आहे.

संज्ञा : चेटूक या शब्दाचा संबंध सेवक या अर्थाच्या ‘चेट’, ‘चेटक’ या संस्कृत शब्दांशी जोडला जातो. मंत्राने वश करून घेतलेले व धन्याचे काम करणारे पिशाच, हा अर्थ त्यातून सूचित होतो. अशा पिशाचाकरवी काम करून घेणारी ती चेटकीण. खानदेश व सातपुड्याच्या भिल्ल मुलखात ‘डाकीण’ किंवा ‘डाकण’, ठाणे-पालघरच्या आदिवासी भागांत ‘भुताळी’ आणि छत्तीसगढकडे ‘टोनही’ या संज्ञा रूढ आहेत. करणी, मूठ मारणे, जारण-मारण व भानामती हे शब्द अपायाच्या पद्धतींचे वाचक असून त्यांच्या अर्थच्छटा निरनिराळ्या आहेत. उदा., मूठ मारण्यात मंत्रून टाकलेल्या पदार्थाने दूरच्या माणसावर आघात होतो, अशी समजूत असते. तर भानामतीत कपडे आपोआप पेटणे, अन्नात घाण पडणे, अंगावर फुल्या उमटणे असे प्रकार घडतात, असे मानले जाते आणि त्यांचा कर्ता बहुधा अज्ञात असतो. इंग्रजी दप्तरात या सर्व छटा ‘विच’ या एकाच शब्दात लोपल्या. त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना साक्षीदाराने मुळात कोणता शब्द उच्चारला असेल, हा प्रश्न अभ्यासकाला सतत विचारावा लागतो.

प्रदेश व काळ : हैदराबादच्या निजामाने १८५३ च्या तहान्वये आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेखाली दिले. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टा ब्रिटिश सरकारने घेतला आणि १९०३ मध्ये तो प्रांत मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडण्यात आला. १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले. या जिल्ह्याचे तीन नैसर्गिक भाग पडतात : दक्षिणेकडील चिखली-मेहकरचे पठार, मध्यभागी पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट मुलूख आणि उत्तरेस जळगाव-जामोदकडील सातपुड्याचा डोंगराळ पट्टा. पठारावर व खोऱ्यात कुणबी, माळी, धनगर, महार, मांग इ. जातींची बलुतेदारीने बांधलेली गावे, दक्षिणेकडे लमाण (बंजारा) तांडे, तर उत्तरेकडे कोरकू, निहाल व भिल्ल यांची वस्ती होती. चेटकाविषयीची समजूत या सर्व स्तरांत कमीअधिक प्रमाणात होती. तिला केवळ ‘रानटी’ जमातींची श्रद्धा मानण्याची वसाहतकालीन लेखकांची प्रवृत्ती वस्तुस्थितीस धरून नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात कोकण व देश या भागांतही चेटूक हा राज्यसत्तेने दखल घेण्याजोगा व दंडनीय अपराध समजला जात असे.

हा काळ वऱ्हाडात मोठ्या उलथापालथीचा होता. १८६० नंतरच्या दशकात कापसाचे भाव चढले, जमिनीची मोजणी होऊन खातेदारी पद्धत रूढ झाली व जमीन विक्रीची आणि गहाणाची वस्तू बनली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या लमाणांचा पिढीजात व्यवसाय त्यामुळे बसला. पटकी, देवी, गुरांचे साथरोग, १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, विसाव्या शतकाच्या आरंभीचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा यांनी गावेच्या गावे हवालदिल झाली. संपूर्ण गावावर आलेल्या साथीचे निवारण सामान्यतः मरीआईची पूजा करून व तिचा गाडा शिवेबाहेर पोहोचवून केले जाई. मात्र एकाच घरात लागोपाठ मुले दगावणे, दुभते जनावर अचानक मरणे किंवा धडधाकट माणूस खंगत जाणे, अशा वेळी ‘आमच्याच घरी का’ हा प्रश्न उभा राही. आरोपाचे बीज बहुधा या प्रश्नात असे.

आरोपाची प्रक्रिया : आरोप एकदम जाहीर होत नसे. प्रथम कुजबूज सुरू होई. अमावास्येला कोणी तिला स्मशानाकडे जाताना पाहिले, तिने मुलाचे कौतुक केले आणि त्याच रात्री मुलाला ताप भरला, तिला ताक नाकारल्यावर म्हैस आटली, अशा गोष्टी एकमेकींना जोडल्या जात. उंबरठ्यावर सापडलेले लिंबू, बिब्बा, हळदकुंकू लावलेला भात यांस पुराव्याचे स्थान मिळे. त्यानंतर जाणता, भगत, देवऋषी अथवा मांत्रिक यांच्याकडे जाऊन दाणे पाहणे, देवाला कौल लावणे किंवा अंगात आलेल्या व्यक्तीकडून उत्तर घेणे, हा दुसरा टप्पा होय. कोरकूंमध्ये गावदेवाचे काम पाहणारा भूमका आणि आजाराचे कारण सांगणारा पडियार यांची कार्ये वेगळी मानली जातात. जाणता पुष्कळदा नाव उघड उच्चारत नसे. ‘उगवतीकडचे घर’, ‘नात्यातलीच बाई’, ‘कपाळ मोकळे असलेली’ असे संकेत देई. नाव पूर्ण करण्याचे काम विचारणाऱ्यांच्या मनातील जुने वैर करी. म्हणूनच जाणत्याचा निर्णय हा बहुतेक वेळा गावात आधीच पिकलेल्या संशयाचे शिक्कामोर्तब असे.

तिसरा टप्पा कसोटीचा किंवा शिक्षेचा. मध्य प्रांताविषयी लिहिणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी दिव्याची ज्योत फडफडली त्या क्षणी ज्याचे नाव घेतले गेले असेल त्यास दोषी धरणे, एरंडाच्या फोकाने मारणे, तसेच बस्तरमध्ये संशयितास पोत्यात बांधून पाण्यात सोडणे, अशा कसोट्यांची नोंद केली आहे. याशिवाय केस कापणे, दात पाडणे, विष्ठा खाऊ घालणे, गावातून धिंड काढणे हे प्रकार भारताच्या अनेक भागांतून नोंदले गेले आहेत. या कृत्यांमागे चेटकिणीचे सामर्थ्य नष्ट होते ही समजूत असली, तरी त्यांचा प्रत्यक्ष परिणाम स्त्रीची गावातील प्रतिष्ठा कायमची नष्ट करण्यात होई. शेवटचा टप्पा वाळीत टाकण्याचा, गावाबाहेर घालविण्याचा व क्वचित हत्येचा असे. आरोपांच्या मानाने हत्यांची संख्या अल्प असणार. बहुसंख्य आरोपित स्त्रिया अपमान, विस्तव-पाणी तुटणे आणि स्थलांतर यांपुढे न जाता काळाच्या ओघात नाहीशा झाल्या.

चेटकीण व बाधित : चेटकीण आणि ‘बाहेरची बाधा’ झालेली व्यक्ती यांत समाज स्पष्ट भेद करतो. बाधित व्यक्ती ही पीडित मानली जाऊन तिला उपचारासाठी देवस्थानी नेले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांचा दर्गा या दृष्टीने सर्व धर्मीयांत प्रसिद्ध असून होळीच्या सुमारास भरणाऱ्या तेथील यात्रेत नारळांची होळी पेटविली जाते. मानसिक विकाराने ग्रासलेल्या अनेकांना नातेवाईक अशा ठिकाणी आणतात. घुमणाऱ्या बाधिताला ‘तुला कोणी धाडले?’ असे विचारण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्या प्रश्नाच्या उत्तरात नाव आले, की एका स्त्रीच्या आजारातून दुसऱ्या स्त्रीवरील आरोप जन्मास येतो. उपचार व आरोप यांमधील अंतर एवढे थोडे आहे.

आरोपित कोण : आरोप कोणावर येतो, यात एक सुसंगती आढळते. विधवा, निपुत्रिक, वृद्ध व एकटी राहणारी स्त्री, फटकळ बोलणारी किंवा उसने मागणारी स्त्री, झाडपाल्याची माहिती असणारी सुईण आणि गावातील दुर्बल जातीची व्यक्ती यांवर संशय लवकर जातो. सासरच्या गावात स्त्रीचे रक्ताचे नातलग नसल्याने तिच्या बाजूने बोलणारा दुर्मिळ असतो. गोविंद केळकर व देव नाथन यांनी झारखंडमधील आदिवासी समाजांचा अभ्यास करून (१९९१) चेटकिणीचा आरोप आणि विधवेचा जमिनीवरील हयातीपुरता हक्क यांतील संबंध दाखवून दिला आहे : विधवा हयात असेपर्यंत जमीन भाऊबंदांकडे जाऊ शकत नाही आणि आरोपाने ती अडचण दूर होते. वऱ्हाडात जमिनीस बाजारमूल्य प्राप्त झाल्यावर आणि हिंदू विधवेचा हक्कही हयातीपुरताच मर्यादित असल्यामुळे (ही मर्यादा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने दूर झाली) येथेही असाच संबंध असणे संभवनीय आहे. तथापि सर्व आरोपांचे मूळ मालमत्तेत शोधणे युक्त होणार नाही. मूल गमावलेल्या आईचा संशय हा तिच्यापुरता खरा असतो. त्या दुःखास दिशा देणारे भाऊबंद, जाणते आणि पंच यांचे हेतू मात्र निराळे असू शकतात.

लमाण तांड्यांविषयीची नोंद : वऱ्हाडातील चेटकीण-आरोपाची वसाहतकालीन तपशीलवार नोंद लमाणांविषयी आहे. वऱ्हाड पोलीस खात्यातील अधिकारी एन. एफ. कंबरलेज यांनी बंजारा समाजावर लिहिलेले टिपण १८६९ च्या सुमाराचे असून ते १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. रा. ब. हिरालाल यांच्या साहाय्याने आर. व्ही. रसेल यांनी सिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीच्या चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) त्याचा विस्तृत उपयोग केला आहे. तांड्यात कोणी दीर्घकाळ आजारी पडला, की आप्तजन दूरच्या जाणत्याकडे जात आणि त्याच्या ज्ञानाची आधी परीक्षा घेत. त्याने चेटकाचे निदान करून स्त्रीकडे बोट दाखविल्यास प्रकरण नायक व पंचायत यांच्यापुढे येई. निर्णय स्त्रीविरुद्ध गेल्यास तो अंमलात आणण्याची जबाबदारी तिच्या स्वतःच्या आप्तांवर पडे, असे या वृत्तान्तावरून दिसते. ही बाब विशेष महत्त्वाची आहे. कारण फिर्याद देऊ शकणारे जे जवळचे नातलग, त्यांनाच कृत्यात गुंतविल्यावर प्रकरण तांड्याबाहेर जाण्याचा मार्ग बंद होत असे.

या नोंदीकडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. ती पोलीस अधिकाऱ्याची आहे आणि भटक्या समाजांकडे संशयाने पाहणाऱ्या ज्या दृष्टीतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा निर्माण झाला, तीच दृष्टी तिच्यामागे आहे. ज्या गावांत पाटील व पंच यांनी असे प्रकार आपसांत मिटविले, त्यांचे टिपण कोणी लिहिले नाही. म्हणून लमाणांविषयी लेखी पुरावा अधिक असणे, याचा अर्थ त्यांच्यात आरोप अधिक होत असत असा करता येत नाही.

लायल यांची मीमांसा : सर ॲल्फ्रेड लायल (१८३५–१९११) हे १८६७ पासून काही वर्षे पश्चिम वऱ्हाडचे आयुक्त होते. बुलढाणा जिल्ह्याचा मुलूख त्यांच्या अधिकारक्षेत्रात होता. १८७० मध्ये प्रसिद्ध झालेले वऱ्हाडचे गॅझेटियर त्यांनी संपादिले. १८८२ च्या एशियाटिक स्टडीज या निबंधसंग्रहात वऱ्हाडच्या धर्मजीवनावर आणि चेटूक व ख्रिस्तीतर धर्म यांच्या संबंधांवर त्यांचे लेखन आहे. चेटूक म्हणजे धर्माची सर्वांत खालची पायरी, हे मत त्यांना मान्य नव्हते. चेटूक करणारा देवतेची याचना न करता स्वतःच्या क्रियेवर व कौशल्यावर विसंबतो. या दृष्टीने ते निसर्गावर ताबा मिळविण्याच्या आदिम प्रयत्नाशी, म्हणजे एक प्रकारे चुकलेल्या विज्ञानाशी जवळचे आहे आणि म्हणूनच पुजारी व चेटकी यांच्यात वैर असते, असे त्यांनी प्रतिपादिले. मानवशास्त्राच्या इतिहासात हे विवेचन मोलाचे आहे. त्याचा रोख मात्र चेटूक करणाऱ्यावर आहे. जिने काहीही केले नाही आणि तरी जिचे नाव घेतले गेले, अशा स्त्रीचा विचार त्यात येत नाही. प्रशासक आणि विद्वान या दोन्ही भूमिकांतून वऱ्हाड पाहणाऱ्या व्यक्तीच्या लेखनातील ही उणीव तत्कालीन राज्यव्यवस्थेच्या दृष्टिकोनाशी जुळणारी आहे.

कायद्याची भूमिका : इंग्लंडमध्ये चेटूक हा अपराध १७३५ च्या कायद्याने रद्द झाला होता. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली; ती वऱ्हाडासही लागू करण्यात आली. चेटकाचे अस्तित्वच न मानणाऱ्या या संहितेत चेटूक करणे हा गुन्हा नव्हता. म्हणून कोणत्याही स्त्रीवर चेटकीण म्हणून खटला चालणे शक्य नव्हते. हा मोठाच लाभ होता. परंतु स्त्रीला चेटकीण ठरविणे हाही स्वतंत्र गुन्हा करण्यात आला नाही. मारहाण, कोंडून ठेवणे, विनयभंग, खून यांची कलमे होती. ती आरोपाचे पर्यवसान हिंसेत झाल्यावर उपयोगी पडत. नुसत्या आरोपासाठी अब्रुनुकसानीचे कलम (४९९–५००) शिल्लक राही. तो गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस स्वतःहून हालचाल करीत नसत. स्त्रीने स्वतः न्यायाधीशापुढे जाऊन फिर्याद करावी, साक्षीदार उभे करावेत आणि खर्च सोसावा, अशी अपेक्षा होती. कमाल शिक्षा दोन वर्षे साध्या कैदेची होती. गावाने वाळीत टाकलेल्या निरक्षर विधवेच्या दृष्टीने हा मार्ग नसल्यासारखाच होता. पोलीस खबर देण्याचे काम गावच्या पाटलाचे असे आणि पुष्कळदा तोच पंचांतील प्रमुख असे.

खुनाच्या खटल्यांत ‘मृत स्त्री चेटकीण होती’ हा बचाव न्यायालयांनी निर्दोषत्वाचे कारण म्हणून स्वीकारला नाही. केवळ चेटकाच्या समजुतीने गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ सिद्ध होत नाही आणि योग्य काळजीवाचून बाळगलेली श्रद्धा ‘सद्भावना’ ठरत नाही, असा सामान्यतः कल होता. तथापि आरोपीचे अज्ञान व त्याची प्रामाणिक भीती लक्षात घेऊन फाशीऐवजी जन्मठेपेची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा देण्याकडे अथवा दयेची शिफारस करण्याकडेही कल दिसे. अशा रीतीने मारणाऱ्याची समजूत न्यायालयापुढे तपशीलाने मांडली जाई. मारल्या गेलेल्या स्त्रीचे म्हणणे फार तर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमाखालील मृत्युपूर्व जबाबाच्या रूपाने दप्तरात येई.

खानदेशलगतच्या डांग प्रदेशात याचे वेगळे रूप दिसते. तेथील जंगले ब्रिटिशांनी १८४२ पासून भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली व डाकिणींना शिक्षा देण्याच्या त्या राजांच्या अधिकारास आळा घालण्याचा प्रयत्न केला. अजय स्कारिया यांनी १९९७ मधील एका अभ्यासपूर्ण लेखात स्त्रिया, चेटूक व वसाहती शासनाला निष्कारण वाटणारी हिंसा यांचा तेथील कागदपत्रांच्या आधारे परामर्श घेतला आहे. शासनाने हत्येची बंदी केली. पण नाव घेण्याच्या प्रक्रियेस तिचा स्पर्श झाला नाही. आफ्रिकेतील काही ब्रिटिश वसाहतींत निराळे धोरण स्वीकारण्यात आले. केन्यातील १९२५ च्या वटहुकुमाने दुसऱ्यावर चेटकाचा आरोप करणे हाच गुन्हा ठरविला. दक्षिण आफ्रिकेत १९५७ च्या कायद्यात अशीच तरतूद होती. अर्थात त्या कायद्यांत चेटूक करणाऱ्यासही शिक्षा असल्याने ते दोषमुक्त नव्हते. तरीही आरोपास अपराध मानण्याची कल्पना साम्राज्याच्या विधिव्यवहारात अपरिचित नव्हती, हे त्यांवरून स्पष्ट होते.

कलंकाचा वारसा : चेटकाची विद्या आईकडून मुलीस किंवा सासूकडून सुनेस मिळते, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्यामुळे आरोप एका स्त्रीच्या मृत्यूने संपत नाही. तिच्या घरी सोयरीक करताना लोक मागे सरतात. तिच्या मुलींची लग्ने दूरच्या गावी करावी लागतात. नातीच्या बोलण्या-वागण्याकडे गाव आजीच्या संदर्भात पाहते. अशा कुटुंबांनी आपल्या संरक्षणासाठी अवलंबिलेला उपाय म्हणजे मौन. त्या आजीचे नाव मुलींना ठेवायचे नाही, श्राद्धपक्षात मोघम उल्लेख करायचा, गाव सोडल्याचे कारण दुष्काळ किंवा भाऊबंदकी असे सांगायचे, या मार्गांनी दोनतीन पिढ्यांत ती स्त्री कुटुंबाच्या स्मृतीतून पुसली जाते. उरते ते एखादे न उलगडणारे वर्तन : अमुक गावचे पाणी न पिणे, अमुक घराशी रोटीव्यवहार नसणे किंवा शेताच्या एका तुकड्याविषयीचा अबोला.

अशा पूर्वज स्त्रीचा शोध घेताना दप्तराचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. विदर्भातील गावोगावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदवह्या, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात, त्या आता मुख्यतः जातीच्या दाखल्यांसाठी पाहिल्या जातात. त्यांत मृत्यूची तारीख व कारण मिळू शकते. मात्र कारणाच्या रकान्यात ताप, पटकी अशी ठोकळ नावे असतात. जमिनीच्या अभिलेखांत विधवेच्या नावावरील खाते दिराच्या अथवा पुतण्याच्या नावे झाल्याची वेळ समजते व ती वेळ पुष्कळदा बोलकी असते. फौजदारी खटला झाला असल्यास निकालपत्रात घटना सापडते. पण ती आरोपी पुरुषाच्या नावाखाली. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर येथील शाखेत जुनी प्रशासकीय दप्तरे आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या १९१० व १९७६ या दोन्ही आवृत्त्यांतून त्या त्या काळच्या समाजस्थितीचे सर्वसाधारण चित्र मिळते. या साऱ्या साधनांत ‘चेटकीण’ म्हणून स्त्रीची सूची कोठेही नसते. कारण शासनाच्या लेखी तशी कोणी व्यक्ती नव्हतीच. मृत्यूची नोंद, खातेबदल आणि घरातील वृद्धांच्या आठवणी ही तीन साधने एकत्र ठेवल्यासच काही निष्कर्ष निघू शकतो.

यूरोप व अमेरिका यांच्याशी तुलना : यूरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत सु. ४० ते ६० हजार व्यक्तींना चेटकाच्या आरोपावरून देहान्त शासन झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे खटले न्यायालयांत चालले. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स वसाहतीच्या सेलम परिसरात १६९२ मध्ये १९ जणांना फाशी देण्यात आले, त्यांची नावे, जबाब व शिक्षापत्रे उपलब्ध आहेत. म्हणूनच वंशजांच्या प्रयत्नांनी १७११ पासून टप्प्याटप्प्याने त्या शिक्षा रद्द होऊ शकल्या. दोषमुक्तीचे राहिलेले शेवटचे प्रकरण २०२२ मध्ये निकालात निघाले. स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी अशा खटल्यांतील बळींची शासनाच्या वतीने क्षमा मागितली. वऱ्हाडातील आरोपित स्त्रीच्या वंशजांना हा मार्ग उपलब्ध नाही. तिला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले नव्हते. त्यामुळे रद्द करावा असा निकाल नाही आणि क्षमा मागेल असा अधिकारीही नाही. तिचा न्यायनिवाडा चावडीवर, तांड्यात किंवा भाऊबंदांच्या ओसरीवर झाला आणि तो तोंडी होता. कायद्याने चेटूक नाकारले, म्हणून तिची फाशी टळली. त्याच नकारामुळे तिच्यावरील अन्यायाची नोंदही टळली.

स्वातंत्र्योत्तर काळ : दंड संहिता कायम राहिल्याने ही स्थिती स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ बदलली नाही. चेटकीण ठरविण्याविरुद्धचा पहिला स्वतंत्र राज्य कायदा बिहारने १९९९ मध्ये केला. झारखंडने तो २००१ मध्ये स्वीकारला आणि छत्तीसगढने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने अशा कायद्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली. तिचे एक प्रमुख नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा प्रतिबंधक अधिनियम विधिमंडळाने संमत केला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई पसरते अथवा गुरांचे दूध आटते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, तसेच चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे किंवा धिंड काढणे, ही कृत्ये या अधिनियमान्वये अपराध आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असल्याने पोलिसांना अब्रुनुकसानीच्या कलमाप्रमाणे स्त्रीच्या खाजगी फिर्यादीची वाट पाहावी लागत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून अंमलात आला. त्यामुळे वाळीत टाकण्याच्या टप्प्यासही कायद्याने हात घातला. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून राज्याचे हे विशेष अधिनियम त्यानंतरही लागू आहेत.

आरोप मात्र थांबलेले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह काही जणांना चौकात बांधून मारण्यात आले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आदिवासी स्त्रीची जादूटोण्याच्या आरोपावरून धिंड काढल्याची तक्रार झाली. या प्रकरणांत आणि शतकापूर्वीच्या प्रकरणांत घटनांचा क्रम जवळजवळ तोच आहे. फरक असा, की या वेळी आरोप करणाऱ्यांची नावे आरोपी म्हणून नोंदली गेली आणि जिच्यावर आरोप झाला तिला स्वतःच्या तोंडाने जबाब देता आला. वसाहतकालीन वऱ्हाडातील आरोपित स्त्रीला ही संधी मिळाली नव्हती. तिच्या वंशजांनी घरातील मौन सोडून तिचे नाव, तिचे गाव व तिच्यावर आलेला प्रसंग लिहून ठेवणे, हे त्या अपुऱ्या राहिलेल्या नोंदीस पूरक असे ऐतिहासिक साधन ठरेल. तोंडी झालेल्या निवाड्यास लेखी उत्तर देण्याचा तेवढाच मार्ग त्यांच्या हाती आहे.

[→ जादूविद्या, बुलढाणा जिल्हा, भानामती, वऱ्हाड.]